किती फेऱ्या राहिल्या?

रविवारी नवरा सायकल काढू लागला की बेल्जियमच्या फ्लांडर्स प्रांतातल्या घराघरांत जी कुरबुर सुरू होते, तीच हिल्डेच्या स्वयंपाकघरात चालली होती. मात्र आज हिल्डे चिडली नव्हती, घाबरली होती.

"लीवन, आज त्याला नेऊ नकोस," दारात आलेल्या लीवनला ती म्हणाली. "सरावात पडल्यापासून डोकं धरून बसतोय. काल कॉफीत मीठ घातलं यानं."

"तुझ्या कॉफीला तेवढीच चव आली असेल!" लीवन हसला.

तिचा नवरा योरेही हसला, पण त्याला खिडकीतला उजेड सोसवत नव्हता. लीवनला ते दिसले. दिसूनही त्याने मनावर घेतले नाही, कारण आज गावच्या जत्रेची, गावाभोवती फेऱ्या मारायची शर्यत होती. दोघे लहानपणापासून एका सायकल-क्लबात. योरेने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा आणि त्याच्या आडोशाने आलेल्या लीवनने शेवटी मुसंडी मारायची, हे ठरलेलेच. योरेवाचून लीवनची डाळ शिजणार नव्हती.

चर्चजवळच्या वळणावर ओल्या दगडांवरून योरेचे चाक घसरले. डोके आपटले, हेल्मेट तडकले. लीवन थांबला. लोकांनी योरेला धरून उभे केले.

"अरे, बघताय काय? बसवा त्याला!" क्लबचे जुने खोड, आल्फोन्स खाटीक, रस्त्याकडेने ओरडले. "आमच्या वेळी हात मोडला तरी शर्यत पुरी करायचो आम्ही!"

"योरे, किती फेऱ्या राहिल्या?" लीवनने विचारले. पडलेल्या गड्याला हेच विचारायची क्लबाची रीत होती.

"तीन," योरे म्हणाला.

बरोबर! "शुद्धीवर आहे की!" आल्फोन्स म्हणाले. लीवनने स्वतः योरेच्या पाठीला हात लावून त्याला पुढे ढकलले.

योरेने शेवटपर्यंत वारा अडवला, दोघांनी पुढच्यांना गाठले आणि लीवन जिंकला. बँड वाजला. फुलांचा गुच्छ योरेच्या हातात द्यावा म्हणून लीवन वळला, तर योरे रस्त्याकडेला बसून ओकत होता. बघता बघता तो आडवा झाला, आणि हाका मारल्या तरी उठेना.

मेंदूत रक्त साकळले होते. योरे जगला, पण घरी आला तो निराळाच माणूस. स्वतःच्या लेकीकडे बोट दाखवून तो हिल्डेला विचारी, "ही कुणाची गं?" लीवनला पाहिले की मात्र त्याचा एकच प्रश्न असे, "किती फेऱ्या राहिल्या?"

"थोड्याच रे," लीवन म्हणे आणि मान खाली घाली.

एकदा न राहवून तो हिल्डेला म्हणाला, "मी विचारलं होतं गं त्याला. त्यानं बरोबर सांगितलं होतं."

"कुठं पडला होता तो?"

"चर्चपाशी."

"आणि राहिलेल्या फेऱ्यांची पाटी कुठं लावतात?"

लीवनच्या ध्यानात आले. पाटी चर्चसमोरच असते.

"पाटी वाचून माझी लहानगी लेक मीर्तेसुद्धा सांगेल," हिल्डे म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिचं नाव विचारलं असतंस तर? योरे बरा आहे का, हे तुला विचारायचंच नव्हतं, लीवन. तो वारा अडवायला पुरेल का, एवढंच विचारायचं होतं."

पुढल्या जत्रेला लीवनपुढे बावो होता, क्लबातला नवा गडी. त्याच वळणावर तो पडला. उठला, कपाळावर रक्त.

"बसवा त्याला!" आल्फोन्स ओरडले.

"बावो, तुझ्या बायकोचं नाव काय?" लीवनने विचारले.

बावोने त्याच्याकडे पाहिले, मग पाटीकडे पाहिले. "दोन," तो म्हणाला.

लीवनने वाकून बावोच्या सायकलचे पुढचे चाक काढले आणि छातीशी धरले.

"हा बसणार नाही, काका! मीही नाही!"

"भेकड! गावाचं नाक कापलंस!" कुणीतरी बिअरचा पेला त्याच्या अंगावर रिकामा केला. सगळे स्वार पुढे निघून गेले. रुग्णवाहिका येईपर्यंत लीवन बावोचा हात धरून फुटपाथवर बसून राहिला. बावो पुढे बरा झाला. वेळेवर आणला म्हणून, असे डॉक्टर म्हणाले. तरी आल्फोन्सनी लीवनशी बोलणे टाकले ते टाकलेच.

त्या संध्याकाळी लीवन तसाच, बिअरने भिजलेला, योरेकडे गेला.

"किती फेऱ्या राहिल्या?" योरेने विचारले.

"माहीत नाही रे. आज मी मधेच उतरलो."

"मग माझी सुट्टी?" योरेने विचारले. "आता वारा नाही ना अडवायचा?"

"नाही रे राजा, नाही!" लीवनला हुंदका आवरला नाही. ही सुट्टी त्याला त्या दिवशीच द्यायला हवी होती.

वाचकहो, शर्यतीत सायकल आपण सगळेच दामटत नाही. पण पडलेल्याला 'काम कधी पुरं करतोस?' असे विचारणारे आपल्यात घरोघरी आहेत. आधी त्याच्या लेकराचे नाव विचारा. सांगता आले नाही, तर त्याचे चाक काढून घ्या. तो शिव्या देईल, गाव शिव्या देईल. खुशाल देऊ द्या.