फरशीमिस्त्रीचा कमरपट्टा

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे. नाव ऐकून सोन्याचांदीचा दागिना डोळ्यांपुढे आला असेल, तर तो आधी पुसून टाका. मी औषधांच्या दुकानात मिळणारा, मातकट रंगाचा, पाठीच्या बाजूला लोखंडी पट्ट्या घातलेला पट्टा आहे. कंबर दुखणारी माणसं मला शर्टाच्या आत आवळून बांधतात. सोडताना माझ्या चिकटपट्टीचा असा चर्रर आवाज होतो की खोलीतली सगळी माणसं वळून बघतात. आता ती चिकटपट्टी झिजली आहे, कडांचे धागे निघाले आहेत, पण माझी एक खोड काही गेलेली नाही. मी पहिल्यापासून भोचक आहे. ज्याच्या कमरेला मी, त्याच्या आत काय चाललंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मला एका कारखान्यात शिवण्यात आलं. शिवणाऱ्या बाई फार कडक होत्या. शेवटचा टाका घातल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांनी जोर लावून ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं आणि शेजारणीला म्हणाल्या, हा धरून ठेवील बघ. केवढा फुगलो होतो मी! धरून ठेवायचं, हेच आपलं काम, हे मी त्या दिवशी मनाशी पक्कं करून टाकलं. मग खोक्यात बसून दुकानात आलो, आणि तिथून एका फरशीमिस्त्रीच्या कमरेला.

हा मिस्त्री म्हणजे आपल्या कामात एकदम वाकबगार. फरश्या बसवायच्या तर त्यानेच. त्याने बसवलेल्या जमिनीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही, असं लोक म्हणायचे. पण एकदा जिन्यावरून फरश्यांचं खोकं चढवताना त्याच्या कमरेत अशी काही कळ गेली की तो तिथेच खाली बसला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, गोळ्या दिल्या, मला बांधायला सांगितलं. पुढे तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले, आतली दुखापत भरून आली आहे. दुखणं मात्र तिथेच तळ ठोकून बसलं. महिने गेले, वर्षं गेली. कामं सुटली. थापी, रबरी हातोडी आणि जमीन समतल आहे का ते बघायची पाणसळ पलंगाखाली गेली. मी मात्र सकाळ-संध्याकाळ कमरेला. घरात माझ्याइतका मान कुणालाच नव्हता. मिस्त्री बाहेर निघाला की बायको आधी विचारायची, पट्टा बांधलाय ना?

आता इतकी वर्षं एखाद्याच्या कमरेला चिकटून राहिल्यावर काही गोष्टी लक्षात येणारच. बूट घालायची वेळ झाली की मिस्त्रीच्या पाठीचे स्नायू दगडासारखे व्हायचे. गंमत म्हणजे तेव्हा बूट अजून पार दारापाशी असायचे आणि हा खुर्चीत बसलेला असायचा. वाकायचं तर लांबच, नुसता विचार आला की झालं. आणि एकदा तर कमालच झाली. शेजाऱ्यांचं कुत्र्याचं पिल्लू त्याचा एक बूट तोंडात धरून पळालं. मिस्त्री तरातरा मागे धावला, खाली वाकला, बूट ओढून घेतला, पिल्लाला दटावलं आणि सरळ उभा राहिला. काही म्हणजे काही झालं नाही. मग अचानक त्याला आठवलं की आपण वाकलो होतो. तेव्हा कुठे त्याने कमरेवर हात ठेवला आणि कण्हला. मी तर चक्रावूनच गेलो. दुखणं खोटं नव्हतं, कळ येताना त्याच्या अंगाला सुटलेला घाम मी स्वतः टिपला आहे. मग ती कळ वाकताना कुठे गेली होती? हा प्रश्न मी कुणाला विचारणार? पट्ट्याचं कोण ऐकतो!

त्याच सुमारास मिस्त्रीच्या लेकीने केस कापायचं स्वतःचं दुकान घेतलं. इतके दिवस ती दुसऱ्याच्या दुकानात राबत होती. खुर्च्या आल्या, आरसे लागले, जमीन तेवढी राहिली. नुसतं खडबडीत सिमेंट होतं, आणि अशा जमिनीत कापलेले केस अडकले की झाडून निघता निघत नाहीत. फरशी बसवणारे गावात काय कमी होते? पण लेक हटून बसली. बाबांशिवाय माझ्या दुकानात कुणी थापी धरायची नाही, म्हणाली. दुकान उघडायचा दिवस पुढे पुढे जाऊ लागला. लेकीचा विषय निघाला की मिस्त्रीचा श्वास माझ्याखाली अडकायचा. अखेर त्याने दुसऱ्या एका मिस्त्रीला सांगून ठेवलं की कंबर बरी होते का याची महिनाभर वाट बघतो, नाहीतर तूच ते काम कर आणि माझी हत्यारंही घेऊन जा.

अशा वेळी डॉक्टरांनी त्याला इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे जुनाट दुखण्यांवर संशोधन आणि उपचार चालायचे, आणि ते काम बघणाऱ्या बाई मानसशास्त्राच्या होत्या. पाटी वाचूनच मिस्त्रीचं टाळकं फिरलं. खुर्चीत टेकायच्या आधीच तो म्हणाला, "म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे, असंच ना? मी नाटक करतो?"

बाई अजिबात चिडल्या नाहीत. "नाटक नाही, दुखणं खरंच आहे," त्या म्हणाल्या. "पण दुखतंय म्हणजे दर वेळी आत काहीतरी मोडतंयच, असं नसतं. तुमच्या बाबतीत नेमकं काय होतंय, ते आपण दोघं मिळून शोधू या का?"

शोधू या म्हटल्यावर मी कान टवकारले. इतक्या वर्षांत आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं, शोधू या असं कुणी म्हटलं नव्हतं. बाईंचं सगळं बोलणं म्हणजे प्रश्नच. कधी जास्त दुखतं, कधी विसरायला होतं, दुखलं की घरचे काय करतात, आणि तुमच्या मते तुमच्या कमरेत आत काय झालंय? या शेवटच्या प्रश्नावर मिस्त्री खुर्चीत पुढे सरकला.

"मॅडम, फरशीला तडा गेला की तो सांधत नाही," तो म्हणाला. "वरून रंग भरा, काही करा. वजन पडलं की तडा पुढे सरकतो आणि एक दिवस फरशी दुभंगते. माझ्या कमरेत तसाच तडा आहे. मी तो जपून जपून दिवस काढतोय."

मित्रांनो, मला त्या क्षणी सगळा उलगडा झाला. जन्मभर फरश्या बसवलेला माणूस स्वतःच्या पाठीकडेही फरशी म्हणूनच बघत होता. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे आलं नसतं. बाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. अंगठ्यावरचा हा व्रण कसला, त्यांनी विचारलं. कटर लागला होता, हाड दिसायला लागलं होतं, तो म्हणाला.

"मग अंगठा बदलावा लागला?"

"बदलायचा कसा? तो काय फरशी आहे? हे जिवंत मांस, भरून येतं..." आणि मिस्त्री मध्येच थांबला. माझ्याखालचे स्नायू किंचित सैल पडले. फार नाही, पण मला कळलं.

पुढच्या खेपेला त्यांनी प्रयोग केला. मला सोडून टेबलावर ठेवलं, मिस्त्रीच्या पाठीला तारा चिकटवल्या आणि समोरच्या पडद्यावर स्नायूंच्या ताणाची एक रेघ सरकू लागली. मग शेजारच्या पडद्यावर छायाचित्रं. पाण्यातली होडी आली, रेघ शांत. झाडाखाली बसलेला माणूस आला, रेघ शांत. वाकून जड खोकं उचलणारा माणूस आला, आणि रेघ ताडकन वर! मिस्त्री म्हणाला, तुमचं मशीन बिघडलंय, मी जागचा हललोसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, बरं, पुन्हा बघू. पुन्हा होडी, पुन्हा खोकं, पुन्हा रेघ वर. मला हातपाय असते तर मी टेबलावर नाचलो असतो. हेच तर मी इतकी वर्षं बघत आलो होतो!

"मग हे करतंय कोण?" मिस्त्रीने विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यालाही आता माझ्यासारखीच उत्सुकता लागली होती.

बाईंनी सांगितलं, की हे त्याचं शरीरच करत होतं, आणि त्याला वाचवायलाच करत होतं. एकदा मोठी इजा झाली, तेव्हापासून शरीर नको तितकं सावध झालं. वाकणं दिसलं की धोका समजून आवळून धरायचं, आवळलं की दुखायचं, दुखलं की भीती वाढायची, आणि मग आणखी आवळायचं. सगळ्यांचं दुखणं असंच असतं असं नाही, हेही त्यांनी बजावलं. तुमचं असं दिसतंय, म्हणून आपण तपासून बघतोय, म्हणाल्या.

मग घरी काम सुरू झालं. काम म्हणजे कसलं? आधी मला सोडून बूट घालायचे, मग बादली, मग रिकामं खोकं, मग थोड्या फरश्या घातलेलं खोकं. प्रत्येक वेळी आधी सांगायचं की आता काय होईल असं वाटतं, आणि नंतर सांगायचं की खरं काय झालं. पहिल्यांदा बादली उचलताना मिस्त्री म्हणाला, कंबर कायमची बसेल. बादली उचलली. दुखलं, पण कंबर काही बसली नाही. तो बादलीकडे बघतच राहिला.

खरी पंचाईत बायकोची झाली. तिचा नवऱ्यावर अतोनात जीव. तो जरा वाकला की हातातलं काम टाकून ती धावायची, राहू दे, राहू दे, मी देते. दिवसातून कितीदा तरी विचारायची, दुखतंय का हो? बाईंनी तिलाही बोलावलं आणि हे थोडं कमी करायला सांगितलं. तुम्ही विचारलंत की त्यांचं लक्ष तिकडेच जातं, म्हणाल्या. बायको फुरंगटली. म्हणाली, मग मी काय भिंतीकडे बघत बसू? दुसऱ्या दिवशी मिस्त्री बादलीशी वाकला तेव्हा ती खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिला तसं बघून मिस्त्रीला हसू फुटलं. हसता हसता बादली वर आली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. फरश्यांचं खोकं उचलल्यावर रात्रभर त्याची कंबर ठणकली. सकाळी त्याने मला पुन्हा बांधलं, जुन्यापेक्षा घट्ट, आणि म्हणाला, संपलं, ती हत्यारं देऊन टाकतो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मला आपली जागा परत मिळाली होती. बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, की बऱ्याच दिवसांनी अंगमेहनत केल्यावर तुमचा हात दुखला तर तुम्ही काय म्हणाल? अंग आंबलं म्हणीन, तो पुटपुटला. मग त्याने फोन ठेवला. कंबर ठणकते हेही खरं आणि नुसतं अंग आंबलंय हेही खरं, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं असावं. ठणका ओसरला तशी त्याने पलंगाखालून थापी काढली आणि तिच्यावरचा गंज घासायला घेतला.

दुकानात काम सुरू झालं त्या दिवशी त्याने मला पिशवीतून बरोबर नेलं. लागला तर असावा, म्हणून भिंतीवरच्या खुंटीला टांगलं. दोरा ताणला, सिमेंटचा माल पसरला, पहिली फरशी ठेवली, हातोडीने ठोकली, पाणसळ लावली. काम हळू चाललं होतं. मधे मधे तो उठायचा, चालून यायचा, पाणी प्यायचा. बाईंनीच तसं शिकवलं होतं, की अंग पार थकायच्या आधी थांबायचं. लेक दारात उभी होती. तिला पुढे व्हायचं होतं, पण आईने तिचा हात धरून ठेवला होता.

दुपारी एका कोपऱ्याशी वाकताना त्याला कळ आली. मी खुंटीवरून पाहिली. त्याचं तोंड वाकडं झालं, तो भिंतीला धरून उठला आणि थेट माझ्याकडे आला. त्याने मला हातात घेतलं. मी तयारच होतो, एका झटक्यात आवळून धरलं असतं. बायकोने भिंतीकडे तोंड केलं. मिस्त्रीने माझ्यावरून अंगठा फिरवला, डोळे मिटून दोनदा सावकाश श्वास सोडला. "दुखतंय," तो शांतपणे म्हणाला, "पण मोडत नाहीये." आणि मला पुन्हा खुंटीला लावून तो फरशीकडे गेला.

तेव्हा मी एक गोष्ट बघितली. वर्षानुवर्षं ज्या पाठीला मी चिकटून होतो, ती काम करताना मी कधी पाहिलीच नव्हती. मी असलो की ती ताठ, मी नसलो की ती अंथरुणावर. आज शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटला होता आणि ती पाठ गोल वाकत होती, सरळ होत होती, पुन्हा वाकत होती. किती सहज वाकते हो ती! मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

दुकान आता सुरू आहे. केस झाडले की एका फटक्यात जमीन लख्ख होते. मिस्त्रीची कंबर अजूनही कधीकधी दुखते, तेव्हा तो कुरकुरतो आणि कामाला लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं दुखणं जुनं झालं असेल, तर ते खोटं आहे असं त्याला कधीही म्हणू नका. शहाण्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचा पट्टाही ओढून काढू नका. त्याला आपुलकीने विचारा, तुला आत काय झालंय असं वाटतं? आणि आम्हा पट्ट्यांना नीट जपा, फेकू नका. आम्ही धरून ठेवतो ते मायेनेच. पण ज्याला आम्ही धरलंय तो स्वतःच्या बळावर उभा राहू लागला की आम्हाला खुशाल खुंटीला लावा, आम्ही रागावणार नाही.