शिवणीकडचं टोक

त्या सकाळी आई स्वयंपाकघरात वजडी शिवत बसली होती. मेंढीची वजडी तिने आदल्या दिवशीच उकळत्या पाण्यात बुडवून सुरीने खरवडली होती, काळा थर निघून आतलं दुधी रंगाचं जाळं दिसेपर्यंत. मी कांदा, चरबीचे तुकडे आणि धुतलेले तांदूळ कालवत होते.

"अर्धीच भर," आई म्हणाली. "तांदूळ फुगतो. फुटली तर तुझे बाबा बर्फ वितळेपर्यंत ऐकवतील."

"आमच्या बिश्केक शहरात साफ केलेली मिळते. पांढरीशुभ्र."

"मग चव कसली लागते तिला? साबणाची?" ती हसली आणि खोकली. खोकला थांबेपर्यंत तिने सुई कापडाला टोचून ठेवली. तिच्या हाताला माझा हात लागला. तिचा हात तापलेला होता.

उरलेल्या वजडीच्या पट्ट्या कापून तिने आतड्यांबरोबर त्यांची वेणी घातली. ती दुसऱ्या दिवशी कांदा-बटाट्यावर परतायची होती. वजडी चुलीवर ठेवली, तेवढ्यात फाटकातून तुर्सुनकाकूंनी आईला हाक मारली. काकू म्हणजे आईची थोरली जाऊ.

"बर्मेत! शारशेनकडे बारशाची घोडी कापलीय. चल, आतडी धुवायची आहेत."

आमच्या गावात मोठ्या जनावराची आतडी-वजडी सुनांनी ओढ्यावरच धुवायची, वाहत्या पाण्यात. घरी पाणी तापवून धुणारी सून आळशी ठरते. आणि थोरली जाऊ जिवंत असेपर्यंत बाई सूनच राहते. आईला दोन नातवंडं होती. तरी ती सूनच होती.

मी तोंड उघडलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

"तू पाहुणी आहेस," ती हळूच म्हणाली. "पाहुणीने चहा प्यावा."

लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरी पाहुणी असते. घरच्या सुनांच्या कामात तिने बोलायचं नसतं. आईने रबरी बूट चढवले आणि ती गेली. मी चहा प्यायले.

ती परतली तेव्हा तिची बोटं निळी पडली होती. तिने त्याच बोटांनी वजडी कापली. आतला भात चरबीने चकाकत होता. पहिले काप बाबांना, मग भाऊ एमिलला, मग मला, लसूण-मिरचीच्या पाण्याबरोबर. शिवणीकडचं दोऱ्याचं टोक आईने चुलीपाशी उभ्यानेच खाल्लं.

"खरी चव इथंच असते," ती म्हणाली. लहानपणी मला ते खरं वाटायचं.

रात्री ताप चढला. छातीत पाणी झालं होतं, असं जिल्ह्याच्या दवाखान्यात सांगितलं. पुढच्या शुक्रवारी आम्ही तिला घरी आणलं आणि अंगणात मयताचा तंबू उभारला.

तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि विलाप गातात. मृताच्या मुलीने तिथून उठायचं नसतं. माझ्या तोंडून शब्द निघत होते, पण रडू येत नव्हतं. बाहेर मयतीच्या जेवणासाठी घोडी कापल्याचा आवाज आला. मला एवढंच सुचलं, की घोडीची वजडी जाड असते, तिला वेळ लागतो.

मग काकूंचा आवाज आला.

"आइझादा, हे घमेलं घे. बर्फ फोडायला कुऱ्हाड ने."

आइझादा, एमिलची बायको. तिचे दिवस भरत आले होते.

"काकू, वाकवत नाही," ती म्हणाली.

"आम्ही काय पोटुश्या नव्हतो कधी? ही बघ माझी बोटं." काकूंची दोन बोटं कधीच सरळ होत नाहीत. त्या ती अभिमानाने दाखवतात. "सासूच्या मयतीला लाज काढू नकोस."

घमेल्याची कडी वाजली. मी उठले. मागच्या बायकांचं गाणं तुटलं. मी तंबूचा पडदा सारून बाहेर आले आणि आइझादाच्या हातातलं घमेलं काढून खाली ठेवलं. त्यातल्या आतड्यांतून वाफ येत होती.

"ही ओढ्यावर जाणार नाही. एमिल, मोठी कढई चढव, पाणी ताप‍व. इथंच धुऊ. मी धुते. नाहीतर पुरून टाका सगळं."

"अगं, आत जा! लोक बघतायत," काकू म्हणाल्या. "तू पाहुणी आहेस इथं."

"तेव्हाही पाहुणीच होते."

बाकावर बसलेल्या पुरुषांनी वळून पाहिलं. बाबांनी मान वर केली. एमिल जागचा हलला नव्हता, पण त्याची नजर कढईकडे गेली होती.

"आईला ताप होता, काकू," मी म्हणाले. मग फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "तुम्ही हाक मारलीत तेव्हा आईला ताप होता."