मजल्यागणिक नाव

"हिचं नाव मिरल ठेव," दुसऱ्या मजल्यावरची शेंडल दारातूनच म्हणाली. हातातलं सुपाचं भांडं चुलीवर ठेवून ती बाळंतीण फ्रुमाच्या उशाशी टेकली. "माझ्या मिरलचे कान अगदी अस्सेच होते गं."

फ्रुमानं बाळाच्या कानावरून बोट फिरवलं. महायुद्ध संपल्यावर पोलंडच्या सायलेशिया भागातल्या या गावात, जर्मनांनी सोडलेल्या या इमारतीत जन्मलेलं हे पहिलंच ज्यू मूल. इथे राहायला आलेले कुणी छावण्यांतून वाचलेले, कुणी रशियातून परतलेले, बहुतेक एकेकटे. गेलेल्या माणसाचं नाव बाळाला द्यायची रीत. गेलेली माणसं प्रत्येकाकडे होती, बाळ एकच.

संध्याकाळी तळमजल्यावरचा गेदाल्या आला. जोडे शिवायचा. बाळाकडे बघून खाली गेला, आणि धापा टाकत परत वर आला.

"पेर्ल," तो म्हणाला. "माझ्या मुलीचं नाव. ठेवायलाच पाहिजे असं नाही हं. नुसतं कानावर घातलं."

तो गेल्यावर रुवेन बायकोवर वैतागला. "एवढीशी पोर, आणि अख्खं कब्रस्तान हिच्या डोक्यावर? तुझ्या आईचं नाव ठरलंय ना? सांगून येतो सगळ्यांना."

"सांगू नकोस. शनिवारी प्रार्थनाघरात ब्रायनाच ठेव. पण हाक कुणी काय मारायची, ते आपण कोण ठरवणार?"

"पोर गोंधळेल."

"शिकेल हळूहळू."

आणि ती शिकली. दुसऱ्या मजल्यावर मिरल, तळमजल्यावर पेर्ल, गच्चीखालच्या खोलीत आणखी काहीतरी. जिथून हाक येईल तिथे 'ओ' देत धावायची. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, तर म्हणाली, "कुठल्या मजल्यावरचं सांगू?" रुवेन हसून हसून बेजार झाला. फ्रुमा मात्र स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

मग माणसं जायला लागली. शेंडल इस्राएलला गेली, गच्चीखालचे पॅरिसला. हाका एकेक करून बंद झाल्या. सत्तावन्न साली गेदाल्यानंही दुकान आवरलं. त्याला पोचवायला मायलेकी स्टेशनवर गेल्या.

"तुम्ही राहणार?" त्यानं फ्रुमाला विचारलं.

"रुवेनला गिरणीतली नोकरी सोडवत नाही, गेदाल्याभाऊ."

गाडी हलली. गेदाल्या खिडकीतून वाकला आणि ओरडला, "पेर्ल! डोक्याला रुमाल बांध, वारं गार आहे!"

पोर गाडीबरोबर धावत सुटली. बापाला ती 'टाटे' म्हणायची. गेदाल्याला आजवर काकाच म्हणत आली होती.

"हो, टाटे!"

गेदाल्यानं टोपी काढली. खिडकीची काच न लावता तो तसाच उभा राहिला.

गाडी दिसेनाशी झाली. पोरीनं गळ्यातला रुमाल सोडला, डोक्याला बांधला, आणि हनुवटीखालची गाठ घट्ट ओढून घेतली.