स्टेअरिंग हलवणारी

नंदाबाईनं लुगड्याचा काष्टा मागे घट्ट ताणला, ट्रकच्या पायरीवर पाय दिला आणि ड्रायव्हरच्या सीटवरचा टॉवेल, मोबाईल, खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी असं सगळं एका हातानं पलीकडं सारलं.

"मावशी, मी बसतो की," खाली उभा राहून ड्रायव्हर म्हणाला. "गाडी माझीच हाय."

"म्हनूनच तू नगं. तुला चालवायची सवय. हितं हलवायचं असतंय. सर बाजूला."

ड्रायव्हर हसत बाजूला झाला. त्याचं नाव आदिनाथ. बार्शीकडचा, तिशी-पस्तिशीचा, सकाळपासून चहावर असलेला. तळेगावच्या एका कारखान्यातून पत्र्याच्या दोन भल्यामोठ्या गुंडाळ्या भरून तो बंदराकडे निघाला होता. वडगाव मागे पडलं तसं स्टेअरिंग सैल लागायला लागलं. फिरवावं तर आधी थोडं रिकामंच फिरायचं, मग गाडी वळायची. पुढं खंडाळ्याचा घाट होता. कार्ला फाट्याच्या अलीकडे त्यानं ट्रक जुन्या हायवेच्या कडेला घेतला आणि हवा भरणाऱ्याकडून सावळा मिस्त्रीचा नंबर मिळवला. अर्ध्या तासात नवरा-बायको आपल्या पिकअपमधून हत्यारं आणि सुटे भाग घेऊन हजर झाले.

सावळानं पोतं अंथरलं, पुढच्या चाकांमध्ये आडवा झाला आणि सरकत आत गेला. त्याच्या चपला तेवढ्या बाहेर राहिल्या.

"हलव," तो म्हणाला.

स्टेअरिंगचं काम दोघांचं. एकानं वर बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली पडून एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची. जॉइंट झिजला असला की आतला गोळा किंचित सरकतो. डोळ्यांना ते दिसेलच असं नाही, बोटांना कळतं. हलवणाऱ्याचा हातही एकसारखा लागतो. जोरात हलवलं तर सगळंच हलतं आणि काहीच कळत नाही. एकतीस वर्षांपूर्वी सावळाच्या हाताखालचा गडी देवाच्या नावानं गावी गेला तो परतलाच नाही. त्या दिवशी नंदाबाई भाकरी घेऊन लोणावळ्याला आली होती. सावळा म्हणाला, जरा वर बस. ती बसली. तेव्हापासून अजून उतरले नाही, असं ती येईल त्या ड्रायव्हरला सांगायची.

आणि या एकतीस वर्षांत चूक तिची कधी झाली नव्हती. भाकरी करपली तर तवा पातळ. बस चुकली तर बस लवकर आली. एकदा कामशेतला ती चाकाखाली दगड लावायला विसरली आणि रिकामा टेम्पो हातभर मागं सरकला. सावळा कसाबसा बाहेर निघाला. अंगाची माती झटकत उभा राहिला, तर ही त्यालाच म्हणाली, "दगड तुमीच गोल आनलाव. गोल दगड राहील व्हय?" दगड पिकअपमध्येच होता, लावलेलाच नव्हता. सावळानं तेही ऐकून घेतलं होतं.

"डावीकडचा टायरॉडचा येंड ग्येला," खालून सावळाचा आवाज आला. टायरॉड म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा दांडा, येंड म्हणजे त्याच्या टोकाचा जॉइंट. "वरचं रबर फाटून लोंबतंय."

नंदाबाईनं खिडकीतून मान बाहेर काढली. खाली बॅटरीचा उजेड इकडून तिकडे फिरत होता. पूर्वी तो बॅटरी न्यायचा नाही. डोळे मिटून पडायचा, झोपल्यासारखा, आणि बोटांनी सांगायचा.

"आनि दुसरं?" तिनं विचारलं.

"दुसरं काय न्हाई. बाकी रबरं शाबूत हायती."

 स्टेअरिंग तिच्या हातात अजून होतं. तिनं ते जरासं हलवलं. अंगठ्याएवढं रिकामं जात होतं.

काम सुरू झालं. सावळानं चाक उचलून खाली ठोकळा दिला, पिन उपटली, नटाला पाना लावला. दोन हातोडे दोन्हीकडून एकदम मारले की जुना जॉइंट सुटतो. सावळाचा घाव अजूनही बरोबर बसत होता. शनिवार होता. पुण्याच्या गाड्या हॉर्न मारत लोणावळ्याकडे पळत होत्या. एका गाडीतून कुणीतरी खाऊन झालेल्या कणसाचं बुरकुंडं टाकलं, ते ट्रकच्या बंपरवर आपटून पडलं.

"तुमच्या पाव्हन्यांनी पाठवलं," नंदाबाई आदिनाथला म्हणाली.

"आमचे पाव्हने असले नसतेत मावशी. आमचे कणीस खाऊन बुरकुंडं बी खिशात घालून नेतेत, म्हशीला."

ती हसली. सावळाही खाली हसला. मग आदिनाथ वाकून बघता बघता एकदम सरळ झाला.

"आबा, रक्त येतंय की वो!"

सावळानं हात बाहेर काढला. पिनेचं टोक उजव्या हाताच्या दोन बोटांत चांगलं घुसून गेलं होतं. मनगटापर्यंत ओघळ आला होता. त्यानं तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा उलटसुलट करून पाहिला, पँटला पुसला आणि पुन्हा आत घेतला.

"जुनी जखम हाय," तो म्हणाला.

नंदाबाई सीटवर बसून समोरच्या काचेकडे बघत राहिली. मंगळवारी सकाळी तो शर्टाची गुंडी लावत होता. ती चहा करून आली तरी पहिलीच गुंडी चालली होती. ती म्हणाली होती, "आज पयल्यांदाच शर्ट घालताव जनू." शेजारची रेणुका दारात होती, तीही हसली. त्याआधी एकदा चुलीवरच्या पातेल्याचं झाकण त्यानं उघड्या हातानं उचललं आणि कुठं ठेवू म्हणून उभा राहिला, निवांत. संध्याकाळी बोटांना फोड आले तेव्हा त्याला कळलं. त्यावरही ती पुष्कळ बोलली होती. काय काय बोलली ते तिला आता एकेक करून आठवत होतं.

नवा येंड बसला. सावळानं नट आवळला, पिन घातली, चाक खाली घेतलं.

"हलव."

तिनं हलवलं. डावीकडे, उजवीकडे. खाली बॅटरीचा उजेड एका जागी थांबला, दुसऱ्या जागी थांबला.

"बास. कडक झालं. उतर खाली."

आदिनाथनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन आळस दिला. "देव पावला आबा. आता घाट उतरतो आन् पनवेलला पोटभर जेवतो."

नंदाबाई उतरली नाही. तिनं पुन्हा हलवलं, अगदी हळू. अंगठ्याएवढं रिकामं, तसंच. टायरॉडचं काम झालं होतं, ते तर डोळ्यांना दिसणारंच होतं. हे रिकामं त्याच्या आधीचं होतं, स्टेअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं, ड्रॅगलिंकचं. त्याचं रबर शाबूत होतं. रबर शाबूत असलेल्या जॉइंटची खोड फक्त बोटांना कळते.

मागे पत्र्याच्या दोन गुंडाळ्या होत्या. त्यांच्या पुढे हा माणूस बसणार होता, शेंगदाणे खात, घाटाच्या वळणावर.

शब्द तिच्या जिभेवर आलेच होते. बोटं हायती का काटक्या? असलं ती त्याला शंभर ड्रायव्हरांसमोर बोलली होती आणि तो खालून "बरं बरं" म्हणून पुन्हा बघायचा. तिनं खिडकीतून खाली पाहिलं. चपला दिसत होत्या. डाव्या चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला होता.

"अवो," ती म्हणाली. "माझं चुकलं."

खाली पान्याचा आवाज होत होता, तो थांबला.

"काय?"

"माझ्याकडनं नीट हलवलं ग्येलं न्हाई. हात भरून आला व्हता. माझीच चूक हाय. ड्रॅगलिंकचा फुडचा जॉइंट यकदा परत बघा."

"बघा आबा," आदिनाथ खुशीत येऊन म्हणाला. "नशीबवान हायसा. बायकू चूक कबूल करती. आमच्या घरात असं झालं तर मी पेढं वाटीन."

कुणी हसलं नाही. आदिनाथनं एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि शेंगदाण्यांची पुडी घेण्यासाठी पलीकडच्या दाराकडे निघून गेला.

 ट्रकखालची बॅटरी विझली. मग चपला हलल्या आणि सावळा सरकत बाहेर आला. उभा राहिला नाही. चाकाला पाठ लावून तिथंच मातीत बसला. फडक्यानं एकेक बोट पुसू लागला. रक्त वाळलं होतं, तरी पुसत राहिला.

"तुजं चुकलं," तो म्हणाला.

तिनं स्टेअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"चाळीस वर्सं झाली लगनाला. कंदी चुकलं न्हाई तुजं."

"आज चुकलं. मानूस हाय, चुकतंय."

सावळानं मान हलवली. फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं.

"कंदीपास्नं ठावं हाय तुला?"

नंदाबाईनं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले. 

"उतर," तो म्हणाला. "खाली जा तू."

"मी? मला खालचं काय कळतंय?"

"वरनं कळलं तुला, खालनं बी कळंल. उतर."

ती उतरली. सावळा पायरीपाशी आला. वर चढताना दांडा धरला तेव्हा आधी त्यानं हाताकडे पाहिलं, बोटं दांड्याभोवती नीट वळली आहेत ना ते पाहिलं, आणि मगच अंग उचललं. नंदाबाई दुसरीकडे बघू लागली.

मग ती पोत्यावर पडून आत सरकली. आत तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. ती वर बसायची ती एकतीस वर्षं तो हेच छत बघत होता. तिनं चाचपून दांड्याच्या टोकाचा जॉइंट शोधला.

"बोटं ठिवली?" वरून आवाज आला. लांबचा वाटला.

"ठिवली."

"अर्धी बोटं दांड्यावर, अर्धी चाकाकडच्या लोखंडी हातावर. मधी फट यीऊ दे."

"कळलं. हलवा."

त्यानं हलवलं. सगळा दांडा गदागदा हलला.

"हळू! म्हशीचं शिंग धरलंय व्हय?" ती ओरडली आणि ओरडल्यावर तिनं ओठ दातांत धरला.

पुढचं हलवणं अगदी हळू आलं. डावीकडे, उजवीकडे.

आणि तिच्या बोटांखाली ठोका पडला. पुन्हा पडला. तिला वाटलं होतं, ही काही तरी फार अवघड विद्या असेल, केसाएवढं काही तरी, जन्म घालवल्यावर कळणारं. तसं काहीच नव्हतं. दारावर कुणी बोटानं ठोकावं तसं ते ठोकत होतं. कुठल्याही लेकराच्या हाताला ते कळलं असतं.

ती तशीच पडून राहिली. ठोका पडत होता.

"लागतंय का?" सावळानं विचारलं.

 शेजारून एक गाडी गेली, ती तिनं जाऊ दिली.

"लय बारीक हाय," ती म्हणाली. "मला बी धड कळंना झालं. कुनाकडनं बी सुटलं असतं. पर हाय. बदलाया लागंल."



"बरं," सावळा म्हणाला.

काम आता कळलं होतं, हलवायची गरज नव्हती. तरी स्टेअरिंग पुन्हा हलू लागलं, अगदी हळू, एकसारखं. तिनं त्याला बास म्हटलं नाही.