डोळ्यांवरचा विटाळ

एकाहत्तर सालच्या ज्येष्ठात डोळ्यांची साथ आली आणि कृष्णाकाठच्या त्या गावात कोणी कोणाकडं सरळ बघेनासं झालं. सगळ्यांचे डोळे लाल, सुजलेले, सकाळी उठावं तर पापण्या चिकटलेल्या. रेडिओवर रोज बांगला देशाच्या बातम्या असायच्या, म्हणून लोकांनी साथीचंही नाव 'जय बांगला' ठेवलं होतं. रडायचं निमित्त सगळ्यांना सारखंच मिळाल्यामुळं गावात भांडणं तेवढी कमी झाली होती.

याच दिवसांत लीलाबाई सांगलीहून आल्या. एका संशोधन संस्थेचं काम करायच्या त्या. साथ आल्यापासून आरोग्य केंद्रावर बायका यायच्या बंद झाल्या होत्या. पोटुशा येत नव्हत्या, ओल्या बाळंतिणी येत नव्हत्या, पाळणा लांबवायला लूप बसवून घेतलेल्या तपासणीला फिरकत नव्हत्या. त्या का येत नाहीत आणि साथीत त्यांना काय लागतं, ते त्यांच्याच तोंडून ऐकून या, असं केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

म्हणजे प्रश्न नेहमीचेच. पाळी कधी आली, अंगावर जातं का, नवऱ्याजवळ निजता का. परक्या बाईच्या उंबऱ्यावर बसून हे विचारायला लीलाबाईंची जीभ आता अडखळत नसे. त्यांना स्वतःला कोणी विचारलं असतं तर मात्र त्यांनी पदरात तोंड लपवलं असतं. आई होती तोवर त्या घरात 'अडचण' एवढाच शब्द वापरायच्या. आई गेली आणि तो शब्दही वापरायचा राहिला.

उतरायची सोय नाथाजींच्या घरी होती. नाथाजी पलटणीतून पेन्शनीत आलेले, मुलगा पलटणीत. घरात बायको रंगूबाई, सून बनू आणि बनूचा दोन वर्षांचा ज्ञानू. रंगूबाई सढळ हाताची आणि तितक्याच सढळ तोंडाची. पाहुणीला भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची आणि वर म्हणायची, "खावा बाई, सांगलीत हाडं मोजून जेवाय घालत्यात जनू."

नाथाजींचे डोळे आलेले होते. केंद्रातून लीलाबाईंनी औषधाची बाटली आणलेली. सकाळी त्या आधी नाथाजींच्या डोळ्यांत थेंब घालायच्या, मग ज्ञानूच्या, मग गल्लीतली पोरं ओळीनं येऊन ओट्यावर उताणी पडायची.

पहिले दोन दिवस बायकांकडून काही कळलं नाही. डोळ्यांवर ओल्या घड्या ठेवून त्या पडलेल्या असायच्या आणि काही विचारलं की म्हणायच्या, "समदं बरं हाय बाई, आमाला काय व्हायचंय." शेवटी बांगड्या भरणारी हाजराबी ओट्यावर टेकली आणि तिनं वाट दाखवली. "तुमी घरातनी हिंडताय. तुमाला ज्या पायजेत त्या घरात न्हाईतच. गुऱ्हाळात जावा."

हंगाम संपल्यानं मळ्यातलं गुऱ्हाळ बंद होतं. चुलाण गार, काहील पालथी. पाचटावर वाकळा टाकून गावातल्या पाळी आलेल्या बायका बसल्या होत्या. एरवी बाहेरची बाई सोप्याच्या कोपऱ्यात नाहीतर गोठ्याशी बसायची. पण डोळे आलेल्या माणसावर विटाळशीची सावली पडली तर डोळा जातो, अशी गावाची समजूत, आणि आता तर घरटी डोळे आलेले. मग बायकांनी जायचं कुठं? कोणीतरी गुऱ्हाळ सुचवलं आणि रीतच पडली. जेवण घरून यायचं, पोरगं लांब उभं राहून वरून टाकायचं.

"डोळं आल्यात त्यांचं आन घर सुटलंय आमचं," तानुबाई म्हणाली. तिला लूप बसवल्यापासून सारखं थोडं थोडं अंगावर जात होतं. "केंद्रावर काय म्हनून यावं? थितं समदं डोळंवालंच बसल्यात. उद्या येकाचा डोळा गेला म्हंजी तानीचं नाव."

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर पाचटावर मांडी घालून बसलं होतं. लीलाबाई लिहून घेत राहिल्या. बायकांनी कोरड्या कापडाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, अंगावर पिणारं पोर घरी ठेवून आलं की छाती कशी दाटते ते सांगितलं. मग तानुबाईनं डोळे बारीक करून विचारलं, "व्हय बाई, तुमी रोज थेंब घालता. तुमची येळ आली मग?"

सगळ्या खिदळल्या.

"माझी लांब आहे अजून," लीलाबाई म्हणाल्या.

ती त्याच दिवशी पहाटे आली होती.

आपण खोटं का बोललो ते वाटेत त्यांना नीट सांगता येईना. विटाळानं डोळा जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि रंगूबाईच्या चुलीपाशी बसून तिचं लोणी खाणं वेगळं. खरं सांगावं तर त्या बायकांबरोबर पाचटावर बसावं लागलं असतं, आणि सांगलीहून संस्थेचे कागद घेऊन आलेल्या बाईला ते जड गेलं. ज्यांच्या लाजेबद्दल त्या कागद भरत होत्या, त्यांच्या लाजेहून लीलाबाईंची लाज थोडी वरच्या जातीची होती, एवढंच.

संध्याकाळी परड्यात भांडी घासताना बनू हळूच म्हणाली, तिचंही तानुबाईसारखंच आहे. नवरा सुट्टीवर आला तेव्हा त्याच्याच सांगण्यावरून तिनं लूप बसवला होता. "पर मी गुऱ्हाळात जात न्हाई. चार दिसाचं आसतं तर गेली आसती. म्हैनाभर बसू व्हय? पोरगं हाय माझं." मग तिनं लीलाबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. "आत्याबाईस्नी सांगू नगा."

लीलाबाईंनी सांगणार नाही असं कबूल केलं. माझीही आजच आली, हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि बनूनं घासलेली परात विसळायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं ओट्यावर उताणी पडली, त्यांनी थेंब घातले. तिसऱ्या दिवशीही घातले.

चौथ्या दिवशी नाथाजींचा उजवा डोळा उघडेना. दुपारी कसाबसा उघडला तर बुबुळावर पांढरट फूल. पटक्याचा शेव घेऊन ते दिवसभर डोळा चोळत असत, घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलेलं. पण शेवाचं नाव कोणी काढलं नाही. कोणाचा विटाळ पडला म्हणून रंगूबाईनं घर धुंडाळायला घेतलं आणि गोठ्यात कडब्याखाली बनूनं वाळत टाकलेली फडकी तिच्या हाताला लागली.

भावकी अंगणात जमली. रंगूबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं ती फडकी काठीच्या टोकानं सगळ्यांपुढं आणून टाकली आणि बसक्या आवाजात म्हणाली, दुपारच्या एस्टीनं ही पाटणला माहेरी जाईल. पोरगं हितंच ऱ्हाईल. ल्योक येईल तवा काय ते ठरवील.

 फडकी अंगणात पडलेली आणि भोवती सासरे, चुलत सासरे, चुलत दीर. बनू पदर नाकापर्यंत ओढून भिंतीला खेटून उभी राहिली. ज्ञानूनं तिच्या निऱ्या धरल्या होत्या.

लीलाबाईंनी पटक्याच्या शेवाचं सांगितलं. जंतूंचं सांगितलं. विटाळानं डोळा जात नाही, हेही सांगितलं, केंद्रात भिंतीवर तक्ता लावून सांगतात तसं.

"तुमचं पुस्तक ऱ्हाऊ द्या बाई," रंगूबाई म्हणाली. "मानसाचा डोळा चाललाय."

बनूचं गाठोडं आलं. कोणीतरी ज्ञानूची मूठ तिच्या निऱ्यांतून सोडवायला लागलं. एकेक बोट.

"मीही बाहेरची आहे," लीलाबाई म्हणाल्या.

इतक्या हळू, की रंगूबाईनं "काय?" म्हणून विचारलं. मग त्यांना ते पुन्हा बोलावं लागलं, पुरुषांच्या देखत, मोठ्यानं. मंगळवारपासून, म्हणाल्या. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. पायांखालची जमीन सोडून त्यांना कुठं बघता येईना. "नाथाजींच्या डोळ्यांत रोज मीच थेंब घातले. ज्ञानूच्या, गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या. बघा की पोरांकडं. त्यांचे डोळे उघडलेच ना?"

सगळा भरवसा त्यांनी या शेवटच्या वाक्यावर ठेवला होता. ते कोणी ऐकलंच नाही. पहिल्या वाक्याला बायकांनी पोरं ओढून घरात नेली होती. पलीकडच्या अंगणात कोणीतरी गोमूत्र मागत होतं.

रंगूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या तोंडावर, हिशेब लागल्याची सुटका होती.

"सून सासऱ्याम्होरं जात न्हाई," ती भावकीला म्हणाली. "डोळ्याला हात लागला तो हिचा." मग बनूकडं वळून, "गाठुडं ठेव. गुऱ्हाळात जा, पोराला संगं ने. म्हायेराचं नाव काडू नगंस."

लीलाबाईंना काही म्हणायचं होतं, पण आता तोंड उघडलं असतं तर बनूचं गाठोडं पुन्हा दारात आलं असतं.  नाथाजींना आजच कऱ्हाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. नाथाजी दुसरीकडं बघत म्हणाले, "जातो बाई. तुमी बी जावा आता."

एस्टीच्या थांब्यावर पिंपळाखाली त्या ट्रंकेवर बसल्या. अंगणात आपण सगळ्यांसमोर जे बोललो त्याची लाज हळूहळू उतरत होती आणि तिच्या जागी दुसरी चढत होती. एक बाई सासरी राहिली होती आणि विटाळानं डोळा जातो याचा पुरावा गावाला मिळाला होता, तोही शिकलेल्या बाईच्या तोंडचा. गुऱ्हाळातल्या बायकांना आता तिथून कोण उठवणार होतं? डॉक्टर शाबासकी देतील. माहिती चांगली आणलीत, म्हणतील.

मळ्याच्या वाटेनं बनू आली, कडेवर ज्ञानू. बरीच लांब थांबली. लीलाबाई उठून उभ्या राहिल्या, तशी तिनं ज्ञानूच्या डोळ्यांवर तळहात धरला.

"बनू, विटाळानं डोळे जात नाहीत गं. खरंच नाहीत."

"व्हय," बनू म्हणाली. आजाऱ्याच्या बरळण्याला म्हणतात, तसं. हात तिनं काढला नाही.

मग दुसऱ्या हातानं कमरेची एक घडी काढली, दोन पावलं पुढं आली आणि वाटेतल्या दगडावर ती वरून सोडली. जुन्या लुगड्याचं कापड होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

"एस्टी कवा बी येती," ती म्हणाली. "वाटंत लागंल तुमास्नी."

बनू लांब गेली, मग लीलाबाईंनी घडी उचलली.