धर्मापुरीची गाडी

"आपा, ही सईदा 'शरणार्थ' कावून म्हनती?"

तौसीफने कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सईदा नावाच्या मुलीने आल्या आल्या सगळ्यांना 'शरणार्थ' म्हटलं होतं. शिवगंगाने जीभ चावली. सईदाच्या नावाने लिहिणारी तीच होती. बंकट आणि साखराबाई, तीही तीच. लिंगायताच्या घरात वाढलेल्या बाईच्या बोटांतून नमस्काराच्या जागी शरणार्थच उतरायचा, मग नाव कुणाचंही असो.

परळीच्या बसस्टँडसमोर तौसीफचं सायबर कॅफे होतं. मोबाइल नुकते लोकांच्या खिशात आले होते, इंटरनेट मात्र अजून तासावर मिळायचं. तौसीफने 'परळी कट्टा' नावाची गप्पांची वेबसाइट स्वतः बनवली, आणि तिथं चिटपाखरूही फिरकेना. "रिकाम्या हॉटेलात कोन शिरतंय, आपा? आधी चार जन बसलेले दिसाय लागत्यात," तो म्हणाला. ते चार जण शिवगंगाने पुरवायचे. नवऱ्याने माहेरी आणून सोडलेली, भावाच्या घरात पाहुण्यासारखी राहणारी ही बाई काउंटरवर बसून दिवसभर वेगवेगळ्या नावांनी स्वतःशीच भांडायची आणि स्वतःच्याच विनोदांना हसायची. लोक खरंच येऊ लागले. गंमत अशी की तौसीफच्या मोहल्ल्यातली पोरंही कट्ट्यावर एकमेकांना शरणार्थ म्हणू लागली.

या सगळ्या नावांत तिचा खरा जीव होता तो कावेरीत. कावेरी धर्मापुरीची, बिनलग्नाची, देवळाच्या ओट्यावर बसून गाणी म्हणणारी. स्वतःला जे मिळालं नव्हतं ते सगळं शिवगंगाने कावेरीला देऊन टाकलं होतं. आणि त्या कावेरीशी बोलायला रोज राजेश्वर यायचा.

राजेश्वर स्टँडवर गाड्या पुकारायचा. बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून एकटा. ड्यूटी संपली की कॅफेच्या कोपऱ्यातल्या केबिनमध्ये बसून एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. त्याला वाटायचं, कावेरी धर्मापुरीत आहे, भावाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. खरं तर दोघांच्या मध्ये फक्त प्लायवूडची फळी होती. शिवगंगाला त्याच्या बोटाची टकटक आधी ऐकू यायची, अक्षरं मागून दिसायची.

एकदा त्याने लिहिलं, "उद्यापासून धर्मापुरीची गाडी दोनदा पुकारतो. एकदा पॅसेंजरसाठी, एकदा तुमच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी समोरच्या भोंग्यातून आवाज आला, "परळी-धर्मापुरी... धर्मापुरी." शिवगंगाने पदर तोंडाला लावला. एवढं सुख तिला सोसवेना.

कट्टा भरला, तसा तौसीफ म्हणाला, "आपा, आता आपली मानसं काढून टाका. कालेजच्या पोरांना वास लागलाय. एक जरी खोटं निघालं तर सगळे उठून जातील."

"एक कावेरी राहू द्या ना."

"आपा, ती न्हाईच हाय."

तिने राजेश्वरला लिहिलं, "माझं लग्न ठरलं. सासरी तांदळात दुसरं नाव लिहितील. मला शोधू नका." नवरीचं नाव बदललं की जुनी मुलगी कुणालाच सापडत नाही. शिवगंगाही सासरी दुसऱ्याच नावाने नांदली होती.

फळीपलीकडची टकटक थांबली. बऱ्याच वेळाने "सुखी राहा" एवढंच उमटलं. मग राजेश्वर उठून काउंटरपाशी आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"एखादं मानूस कट्ट्यावरून गेलं, तर त्याचं लिवलेलं राहतं का?"

"न्हाई. नावासंगट सगळं जातं."

त्याने शहाण्या लेकरासारखी मान हलवली. ती मान बघून शिवगंगाचा धीर सुटला. ही खोटी माणसं कुणाला कळू द्यायची नाहीत, हा तौसीफला दिलेला शब्द गेला खड्ड्यात.

"कावेरी मीच हाय," ती म्हणाली. "धर्मापुरी न्हाई, काई न्हाई. इथंच असते, फळीच्या अल्याड. मीच लिवत होते."

राजेश्वर तिच्याकडे बघत राहिला. पिकू लागलेले केस, विरलेलं पातळ, रोज दिसणारा आणि कधीच न पाहिलेला चेहरा. मग त्याचा आवाज मऊ झाला.

"ताई, तुमी लई मोठ्या मनाच्या हाव. माझं दुःख बघवंना म्हून असं म्हनताय. पन तिच्या नावानं थट्टा नका करू. लई साधी पोरगी हाय ती."

दोनदा पुकारल्या जाणाऱ्या गाडीची गोष्ट तिच्या ओठांवर आली होती. तेवढी एक खूण सांगितली असती तर त्याला मानावंच लागलं असतं. पण मग त्याची कावेरी गेली असती आणि हाती शिवगंगा आली असती. ती तर नवऱ्यालाही नको होती.

"चुकलं माझं, दादा," ती म्हणाली.

"शरणार्थ, ताई."

"शरणार्थ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काउंटर पुसला, कॉम्प्युटर चालू केले. कट्ट्यावर खरी माणसं आपापल्या खऱ्या नावाने एकमेकांना शरणार्थ म्हणत होती. समोर धर्मापुरीची गाडी लागली. शिवगंगाच्या हातातलं फडकं थांबलं.

"परळी-धर्मापुरी," भोंगा म्हणाला.

ती कान देऊन उभी राहिली. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी निघून गेली.