पाहुण्यांचं पाणी

डोणगूरच्या शाळेपुढच्या हापशाचं पाणी दिसायला इतकं नितळ, की त्यात काही वाईट आहे असं सांगणाऱ्यालाच लोकांनी वाईट म्हणावं. शिवरंजनीला तसं म्हणायला लागून तीन वर्षं झाली होती. रसायनशास्त्रात एमेस्सी करून, सोलापूरची नोकरी सोडून ती गावी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने हापशाचं पाणी तपासून घेतलं. लिटरला ३.४ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. दीडच्या पुढे गेलं की पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, आणि वर्षानुवर्षं पीत राहिलं की हाडं आखडतात. हे तिने ग्रामसभेत फळ्यावर आकडा लिहून समजावलं. तीन पॉइंट चार म्हणजे पास की नापास, असं मागून एकाने विचारलं. तेवढ्यात चहा आला आणि सभा चहाकडे वळली.

खरं तर तिला आकड्याचीही गरज नव्हती. ती याच हापशावर वाढली होती. हसताना तिचा वरचा ओठ दातांवर येऊन थांबायचा. कॉलेजात पहिल्याच दिवशी एका पोरीने तिला मिसरी लावतेस का म्हणून विचारलं होतं, तेव्हापासूनची ती सवय. आता शाळेत एकशे बारा पोरं होती, आणि त्यांतल्या बारक्यांचे पक्के दात अजून हिरड्यांच्या आत घडत होते. ते घडून पूर्ण व्हायच्या आत शाळेत फ्लोराइड काढणारं यंत्र बसलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

त्यासाठी अनुदान हवं, आणि अनुदानासाठी संस्था हवी. संस्था गावात होतीच. बब्रुवानतात्यांनी बारा वर्षांपूर्वी डोणगूर ग्रामोन्नती बहुउद्देशीय संस्था नोंदवून ठेवली होती. तिच्या घटनेत वृक्षारोपणापासून संगणक साक्षरतेपर्यंत सत्तावीस उद्देश होते. पूर्ण झाला होता तो फक्त पाटी रंगवण्याचा, आणि तो घटनेत नव्हता. तात्या अध्यक्ष होते. शिवरंजनीला त्यांनी सचिव केलं, कारण अर्ज ऑनलाइन भरायचे असतात.

पुण्याच्या अमृतथेंब फाउंडेशनला तिने पहिला अर्ज केला तेव्हा ती नवखी होती. समस्या काय, या रकान्यात तिने समस्या लिहिली. उपाय काय, इथे उपाय लिहिला. दोन्ही मिळून अर्धं पान झालं. अर्ज परत आला: नावीन्याचा अभाव. यंत्र जुनंच आहे, कारण ते चालतं, असं तिने कळवलं. त्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी तिने आकडेवारी वाढवली, तर मानवी कहाणीचा अभाव निघाला. शिवाय लाभार्थ्यांचा आनंद एक ते पाच या मापात मोजलेला नव्हता. हे माप कशाचं, त्याचं एकक काय, हे तिने फोन करून विचारलं. पलीकडच्या माणसाने नम्रपणे फोन ठेवला.

"म्याडम, अनुदान म्हंजे सोयरीक हाय," तात्या म्हणाले. "बघायला आल्यावर पोरीला काय दुखतं खुपतं, ते सांगत बसतेत व्हय कुणी? पोहे द्यायचे, गाणं म्हणून दाखवायचं."

तिसऱ्या वर्षी तिने पोहे दिले. यंत्राचं नाव ‘जलसखी’ ठेवलं. आनंद सध्या १.४ असून प्रकल्पानंतर ४.६ होईल, असं दशांश चिन्हासकट लिहिलं, आणि लिहिताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. फाउंडेशनची माणसं गावी येणार, हापशाच्या पाण्याचा नमुना स्वतः नेणार, आपल्या प्रयोगशाळेत तपासणार, आणि फ्लोराइड दीडच्या वर निघालं की मंजुरी. हे वाक्य तिने दोनदा वाचलं. सगळ्या कागदांत एवढं एकच वाक्य असं होतं, ज्यात कुणाला काय वाटतं याला जागा नव्हती. पाणी काही पोहे देणार नाही. ती निर्धास्त झाली.

गाव मात्र कामाला लागलं. पुण्याची माणसं येणार म्हणजे कमान, रांगोळी, हलगी, शाल-श्रीफळ आलंच. स्वयंपाकाचं शरणम्माकडे होतं. शरणम्मा शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. शाळेला लागूनच तिचं घर, आणि गावात कुणीही नवखं आलं तर त्याच्यापुढे गूळपाणी ठेवायचा मान तिने स्वतःच स्वतःकडे घेतलेला. गुडघे वाकत नव्हते, मान पुरती वळत नव्हती, पण दारात पाहुणा दिसला की तिच्या हातात तांब्या असायचाच. या वेळी तिने उमरग्याहून फिल्टरच्या पाण्याचे वीस जार मागवले. गव्हाची गोड हुग्गी त्याच पाण्यात शिजली, भाकरीचं पीठही त्यातच भिजलं.

फाउंडेशनच्या अर्पिता मॅडम अकराला येणार होत्या, त्या दीडला आल्या. नळदुर्गाजवळ ट्रकांची रांग लागली होती. बिचाऱ्या भल्या होत्या, पण त्यांना गाडीतून उतरल्यापासून जमिनीला पाय टेकू दिला गेला नाही. हलगी वाजली, औक्षण झालं, शाल पडली, मग दुसरी शाल पडली. त्यांनी पिशवीतून नमुन्याच्या चार कोऱ्या बाटल्या काढल्या आणि हापसा कुठे आहे असं विचारलं, तेव्हा त्यांच्या ताटात हुग्गी वाढली जात होती.

शिवरंजनी त्या वेळी माइकपुढे होती. पाहुण्यांचा परिचय करून देण्याचं काम सचिवाचं, आणि फाउंडेशननेच पाठवलेला परिचय दीड पान भरला होता. दुसऱ्या परिच्छेदात असताना तिला दिसलं, की शरणम्मा आणि आणखी दोन बायकांनी मॅडमच्या हातातून बाटल्या अलगद काढून घेतल्या आणि त्या मंडपामागे गेल्या. तिला बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा गावाने आपण होऊन पाण्यात लक्ष घातलं होतं. अर्जात लोकसहभाग नावाचा रकाना होता, तो हाच असावा.

जेवण उरकल्यावर भरलेल्या बाटल्या आल्या. मॅडमनी त्यांना सील लावलं, सही केली. नमुना अधिकाऱ्याने स्वतः भरावा असा नियम असल्याने त्यांनी हापशाच्या दांड्यावर हात ठेवून आणि भरलेली बाटली तोटीखाली धरून फोटो काढून घेतला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अभिनंदन, असं पहिल्याच ओळीत होतं. आपल्या गावचं पाणी अत्युत्तम असल्याचं आढळल्याने आपला अर्ज गरजू गटात बसत नाही. सोबत अहवाल होता. तात्यांनी अत्युत्तम हा शब्द मोठ्याने वाचला आणि पत्राला चौकट करायची का, याचा विचार सुरू केला.

शिवरंजनीने अहवाल वाचला. फ्लोराइड ०.१. विरघळलेले क्षार ४२. या भागातल्या बोअरच्या पाण्यात एवढे कमी क्षार निघायचे तर आधी खालचा खडक बदलावा लागेल. बेचाळीस क्षारांचं पाणी जमिनीतून येत नाही, ते जारातून येतं. ती पत्र घेऊन तशीच शरणम्माच्या दारात गेली.

शरणम्मा शेंगा सोलत होती. तिने काही लपवलं नाही. उलट तिला विचारणंच नवलाचं वाटलं.

"मग? पुण्याहून आलेल्या बाईला हापशाचं पाणी भरून देऊ? वास येत न्हाय म्हणून काय झालं. तूच तर तीन वर्षं बोंबलतीस, त्यात खराबी हाय म्हणून."

म्हणजे गावात एका माणसाचा तरी तिच्या आकड्यावर विश्वास बसला होता, आणि तोच असा नडला होता.

"अज्जी, ते पिण्यासाठी नव्हतं. तपासायला होतं."

"तपासायला हाय म्हणूनच तर चांगलं दिलं. परीक्षेला कुणी फाटकं झबलं घालून जातं का गं?"

शिवरंजनी उंबऱ्यावर बसली. तिने सावकाश, हातवारे करून सांगितलं, की ही परीक्षा नापास व्हायची होती. नापास झालो असतो तर यंत्र मिळालं असतं. शरणम्माने शेंग हातात तशीच धरून ऐकलं.

"असली कसली परीक्षा," ती म्हणाली. "पाहुण्यापुढं आपली घाण मांडली तर बक्षीस. आन गूळपाणी दिलं तर शिक्षा."

त्याच दिवशी शिवरंजनीने फाउंडेशनला सगळं खरंखरं लिहिलं. नमुना हापशाचा नसून जारचा होता, तो आदरातिथ्यापोटी भरला गेला, कृपया पुन्हा नमुना घ्यावा. एका पानात, क्रमवार, तारखेसकट. पहिल्या अर्जानंतर एवढं निखळ सत्य तिने लिहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी अर्पिता मॅडमचा फोन आला. पत्र वाचून आमची सगळी टीम भारावून गेली, असं त्या म्हणाल्या. पुन्हा नमुना घेता येणार नव्हता, कारण एका अर्जाला एकच नमुना, आणि प्रणालीत दुसऱ्याचा रकानाच नाही. यंत्र तर मुळीच देता येणार नव्हतं, कारण शाळेचं पाणी अत्युत्तम असल्याचा त्यांच्याच प्रयोगशाळेचा अहवाल आता फायलीला होता. पण ग्रामीण आदरातिथ्य आणि जलसंस्कृती या नावाचा एक निधी शिल्लक होता. त्याला वर्षभर कुणी अर्जच केला नव्हता, आणि मार्चअखेर तो संपवायचा होता. स्वतः दूषित पाणी पिऊन पाहुण्याला शुद्ध पाणी देणारं गाव! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. ते शुद्ध असणार, असं शिवरंजनीच्या मनात आलं.

निधीतून गावाला रोज फिल्टरच्या पाण्याचे जार मिळणार होते. एकच अट होती: पाणी फक्त पाहुण्यांसाठी. दर महिन्याला पाहुण्यांची यादी पाठवायची.

तात्यांचा आनंद पाचापैकी पाच झाला. शिवरंजनीने मात्र सही करायला नकार दिला. पाहुणे येणार वर्षातून दोनदा. बाकीचे दिवस शाळेच्या भिंतीला जार उभे राहणार, आणि पोरं त्यांच्या शेजारी हापसा मारून पीत राहणार. हे आपल्या हातून व्हायचं असेल तर आपण सोलापूरला परत गेलेलं बरं, असं तिने तात्यांना सांगितलं आणि हेच शरणम्मालाही सांगायला गेली.

शरणम्माने सगळं ऐकून घेतलं.

"पाहुणा कुणाला म्हणायचं, ते लिहिलंय का त्या कागदात?"

शिवरंजनीने मोबाइलवर अर्ज उघडला. पहिल्या पानावर रकाना होता: पाहुणा या संज्ञेची व्याख्या संस्थेने द्यावी. कमाल शंभर शब्द.

"मला विचारशील तर," शरणम्मा म्हणाली, "सकाळी येतंय, आपल्या हातचं जेवतंय, सांजच्याला आपल्या घरी जातंय, ते पाहुणं. माझ्याकडं रोज एकशे बारा येतेत."

शिवरंजनीने ती व्याख्या जशीच्या तशी प्रमाण मराठीत उतरवली. चौदा शब्द झाले. उरलेले शहाऐंशी तिने कोरे सोडले, आणि या खेपेला तिला चोरी केल्यासारखं वाटलं नाही. तात्या घाबरले, पुण्याचे लोक ओळखतील म्हणाले. पुण्याच्या लोकांनी आठवड्यात मंजुरी दिली. एवढे पाहुणे रोज येणारं दुसरं गाव त्यांच्या यादीत नव्हतं.

आता शाळेच्या दारात सकाळी शरणम्मा तांब्या घेऊन उभी असते. पोरं रांगेत येतात. आधी तळहातावर गुळाचा खडा, मग पाणी, आणि दप्तराला अडकवलेल्या बाटलीत आणखी पाणी. पहिले काही दिवस पोरांनी हा खेळ समजून एकमेकांना ‘या पाहुणं’ म्हणायला सुरुवात केली, ते आता अंगवळणी पडलं आहे. शिवरंजनी पेन घेऊन बाजूला बसते आणि यादीवर एकशे बारा नावांपुढे खुणा करते. मार्चनंतर निधीचं काय, याचं उत्तर मॅडमकडे अजून नाही. तिने जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरा अर्ज टाकून ठेवला आहे, आणि त्या नमुन्याची बाटली ती स्वतः भरून, उराशी धरून, एसटीने घेऊन गेली होती.

परवा रांग संपल्यावर जारच्या तळाशी चार बोटं पाणी उरलं. यादीतली नावं झाली होती. शरणम्माने तांब्या पालथा घातला, गुडघ्यांवर हात टेकत टेकत हापशापर्यंत गेली, दांडा दोनदा मारला आणि ओंजळ तोंडाला लावली.

"अज्जी, यातलं घ्या की," शिवरंजनी म्हणाली.

शरणम्माने पदराने तोंड पुसलं.

"म्या हितलीच हाय, पोरी."

शिवरंजनीने यादीकडे पाहिलं. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली व्याख्या वर छापलेली होती, आणि तीत कुठे फट नव्हती.